जेटीवरची नोंद आणि इमॅक्सची पॅकेजं : एका मच्छीमार संस्थेचं प्रकरण

(प्रकरण सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सहकारी संस्थेचं आहे. संस्था, गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. तांत्रिक तपशील जसेच्या तसे ठेवले आहेत.)

पार्श्वभूमी

संस्थेची रोजची नोंद साध्या मजकुराच्या फाइलींत होते. कुठली होडी आली, जाळं रापण की गिलनेट, कुठला मासा किती किलो उतरला, डिझेल किती उचललं हे सगळं सीएसव्ही फाइलीत जातं, म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेल्या रकान्यांत. वर्षअखेरचा अहवाल ऑर्ग-मोडमध्ये (मथळे आणि तक्ते असलेला मजकूर लिहिण्याची इमॅक्सची सोय, थोडक्यात ऑर्ग) लिहिला जातो आणि त्यातून पीडीएफ तयार होतो. दोन्हींसाठी वापरायचं साधन एकच, इमॅक्स हा मजकूर-संपादक. पूर्वीच्या एका कार्यकर्त्याने ही घडी बसवली होती. तो मुंबईला गेला, घडी मात्र टिकली.

यंत्रं तीन, तिन्ही लिनक्सची; डेबियन आणि उबुंटू ही लिनक्सची दोन वितरणं. जेटीवरचा जुना लॅपटॉप डेबियन १० चा, त्यात इमॅक्स २६.१. कार्यालयातला मुख्य संगणक उबुंटू २२.०४ चा, त्यात २७.१. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या तरुण मदतनीस मुलीचा स्वतःचा लॅपटॉप उबुंटू २४.०४ चा, त्यात २९.३. रोजचं काम लेखनिक काका करतात, बदल आणि दुरुस्त्या ती मुलगी करते. एकाच संपादकाच्या तीन वयाच्या आवृत्त्या एका छपराखाली नांदत होत्या आणि पुढची निम्मी गुंतागुंत तिथूनच आली.

अडचण

जून-जुलैत मासेमारी बंद असते. जेटीवर नोंद नसते, म्हणून संस्थेची कागदपत्रं सुधारायची कामं याच काळात काढली जातात. त्या वर्षी चार मागण्या होत्या. सीएसव्हीचे रकाने पडद्यावर सरळ रेषेत दिसावेत. अहवालातले मराठी तक्ते वेडेवाकडे दिसू नयेत. मराठी शुद्धलेखन तपासता यावं. आणि होड्यांची व माशांची नावं दर वेळी पूर्ण टाइप करावी लागू नयेत.

मदतनीस मुलीने प्रत्येक मागणीसाठी पॅकेज, म्हणजे इमॅक्सला जोडायचा तयार पूरक प्रोग्रॅम, शोधायला घेतलं. हाताशी होती ती पूर्वीच्या कार्यकर्त्याची जुनी सेटिंग फाइल. तिच्यात पॅकेजं कुठून आणायची त्याची यादी होती : जीएनयू एल्पा, मेल्पा आणि मार्मलेड. यातलं मार्मलेड केव्हाच बंद पडलेलं आहे. त्या ओळीमुळे दर वेळी यादी ताजी करताना संगणक ताटकळत राहायचा आणि शेवटी चूक झाल्याचा संदेश दाखवायचा. कोकणात पावसाळ्यात इंटरनेट तसंही येऊन-जाऊन असतं, त्यामुळे दोष नेटचाच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. ओळ तशीच राहिली.

मेल्पावर पाच हजारांहून अधिक पॅकेजं आहेत. नावावरून आणि एका ओळीच्या वर्णनावरून निवडायला गेलं की प्रत्येक गरजेला चार-पाच उमेदवार सापडतात आणि चारही बसवून पाहण्याचा मोह होतो. इथे तसंच झालं. दोन आठवड्यांत कार्यालयाच्या संगणकावर सोबतच्या अवलंबनांसह, म्हणजे त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजांसह, वीसच्या वर पॅकेजं जमली.

बिघाड

एका शनिवारी संध्याकाळी मुलीने पॅकेजांची यादी उघडून मोठा 'यू' आणि मग 'एक्स' दाबला. म्हणजे जे जे नवं आलं आहे ते सगळं एकदम अद्ययावत करा. यादीत ऑर्गच्या साथीला चालणारं एक पॅकेज होतं. त्याच्या नव्या आवृत्तीला किमान ऑर्ग ९.६ हवं होतं. इमॅक्स २७.१ सोबत येतं ते ऑर्ग ९.३. पॅकेज-व्यवस्थापकाने न विचारता जीएनयू एल्पावरून नवं ऑर्ग उतरवलं आणि बसवलं.

सोमवारी लेखापरीक्षक यायचे होते. रविवारी सकाळी काकांनी अहवालाची फाइल उघडली तर खाली एकच ओळ : इनव्हॅलिड फंक्शन, ऑर्ग-असर्ट-व्हर्जन. फोनवर त्यांनी इतकंच विचारलं, "बाय, काल पर्यंत बरा चलत होता, आज काय झाला?"

हा बिघाड नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण जुन्या इमॅक्सवर नवं ऑर्ग घेणाऱ्या अनेकांना तो भेटतो. सेटिंग फाइलमुळे इमॅक्स सुरू होताच ऑर्गची दिनदर्शिका उघडत होती. म्हणजे नवं ऑर्ग बसवायच्या क्षणी जुनं ९.३ स्मृतीत आधीच चढलेलं होतं. पॅकेज बसवताना इमॅक्स त्याच्या फाइली बाइट-कंपाइल करतो, म्हणजे लवकर चालतील अशा रूपात बदलतो, आणि त्या वेळी स्मृतीत जे मॅक्रो (कंपाइल होतानाच उलगडले जाणारे कोडचे तुकडे) असतील ते वापरतो. ऑर्ग-असर्ट-व्हर्जन हा मॅक्रो ९.६ मध्ये आला. ९.३ ला तो माहीतच नाही. म्हणून कंपाइलरने त्याला साधं फंक्शन समजून तशी हाक लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी नवं ऑर्ग चढलं, तिथे तो मॅक्रो निघाला, आणि मॅक्रोला फंक्शनसारखी हाक मारता येत नाही. गंमत अशी की हा मॅक्रो मुळात दोन ऑर्गची अशी सरमिसळ पकडण्यासाठीच ठेवलेला आहे.

मुलीने पहिला उपाय केला तो कुणीही केला असता : पॅकेज काढलं आणि पुन्हा बसवलं. तेही नेहमीच्या सत्रात, जुनं ऑर्ग पुन्हा स्मृतीत चढलेलं असतानाच. साहजिकच तीच चूक पुन्हा कंपाइल झाली. दुसरा उपाय महागात पडला. तिने पॅकेजांचं अख्खं फोल्डर पुसलं आणि सगळं नव्याने उतरवायला लावलं. दुपारी वीज गेली, पाठोपाठ मोबाइलचा मनोरा बसला आणि निम्मी पॅकेजं उतरलेली, निम्मी नाहीत अशा अवस्थेत संगणक अडकला. लेखापरीक्षकांना मागच्या महिन्याची छापील प्रत दाखवावी लागली. नेट पूर्ववत व्हायला दोन दिवस गेले.

समोर असलेले पर्याय

दोन दिवसांच्या सक्तीच्या थांब्याचा एक फायदा झाला. काका, सचिव आणि ती मुलगी यांनी बसून ठरवलं की पॅकेजं नेमकी आणायची कुठून आणि का.

पहिला विचार होता पॅकेजंच नकोत, इमॅक्समध्ये जे आहे त्यावर भागवायचं. सचिवांचा कल तिकडे होता. दुसरा, उबुंटू-डेबियनच्या स्वतःच्या भांडारातून घ्यायची. मॅगिट, मार्कडाउन-मोड अशी अनेक पॅकेजं तिथे 'एल्पा-' या उपसर्गाने मिळतात. ती त्या वितरणातल्या इमॅक्सशी जुळवून पाहिलेली असतात आणि वितरण बदलेपर्यंत फारशी हलत नाहीत. हवी ती सगळी तिथे नसतात, ही त्यांची मर्यादा. तिसरा, जीएनयू एल्पा आणि नॉन-जीएनयू एल्पा. जीएनयू एल्पातल्या संकेताचे (कोडचे) हक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवलेले असावे लागतात, नॉन-जीएनयू एल्पाला ती अट नाही. दोन्ही भांडारांवर डिजिटल स्वाक्षरी असते, तिच्यावरून उतरवलेलं अस्सल आहे की नाही ते पडताळता येतं. नॉन-जीएनयू एल्पा इमॅक्स २८ पासून आपोआप यादीत असतं, २६ आणि २७ वर ते हाताने जोडावं लागतं. चौथा, मेल्पा. संग्रह सर्वात मोठा, पण पॅकेजांवर स्वाक्षरी नाही, आणि लेखकाने काल रात्री केलेला बदल आज तुमच्याकडे येतो.

मेल्पाबद्दल एक गोष्ट नवख्यांना कुणी सांगत नाही. तिथल्या आवृत्तीचा क्रमांक तारखेचा असतो, २०२४०६१५ असा. लेखकाने स्वतः दिलेला क्रमांक असतो १.२७ किंवा ३.४. पॅकेज-व्यवस्थापक दोन आकडे शेजारी ठेवतो आणि मोठा तो नवा असं धरतो. वीस दशलक्षांपुढे १.२७ कधीच टिकत नाही. त्यामुळे एकच पॅकेज दोन्हीकडे असलं की मेल्पाचंच जिंकतं, आणि एकदा ते बसलं की स्थिर आवृत्ती 'नवी' म्हणून कधी दिसतच नाही. शिवाय मेल्पा जुन्या बांधण्या ठेवत नाही. काल चालणारी प्रत आज तिथे नसते. जीएनयू एल्पावर प्रत्येक पॅकेजच्या पानावर जुन्या आवृत्त्या मिळतात, एलझिपने दाबलेल्या. त्या सोडवून 'पॅकेज-इन्स्टॉल-फाइल' या आज्ञेने बसवता येतात. जिथे नेट भरवशाचं नाही आणि यंत्रं जुनी आहेत, तिथे मागे वळता येणं हे नव्या सोयींपेक्षा मोलाचं आहे. संस्थेचा पुढचा प्रत्येक निर्णय याच कसोटीवर झाला.

शोध घेण्याची पद्धत

पद्धतीतला सगळ्यात मोठा बदल म्हणजे शोध भांडारापासून सुरू न करता घरातून सुरू करायचा. कंट्रोल-एच आणि मग लहान 'पी' दाबलं की इमॅक्ससोबत आलेल्या पॅकेजांची विषयवार यादी येते. ही सोय कुठलंही नेट न लागता चालते. पहिल्याच फेरीत कळलं की मुलीने बसवलेलं देवनागरी टंकलेखनाचं एक पॅकेज अनावश्यक होतं. इनस्क्रिप्ट आणि आयट्रान्स या दोन्ही पद्धती इमॅक्समध्ये मुळातच आहेत, कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की चालू-बंद होतात.

घरात नाही मिळालं तर पॅकेजांची यादी, म्हणजे मेटा-एक्स (मेटा म्हणजे बहुधा ऑल्ट ही कळ) आणि 'लिस्ट-पॅकेजेस'. इथे यादी गाळण्याच्या कळा आवृत्तीनुसार बदलतात. २६.१ वर 'एफ' आहे, २७ पासून तिरक्या रेघेनंतर दुसरं अक्षर. तिन्ही यंत्रांवर सारखं चालेल असं काकांना शिकवायला 'ऑकर' बरं पडलं. यादी उघडी असताना मेटा-एक्स 'ऑकर' देऊन 'टेबल' किंवा 'स्पेल' असा शब्द द्यायचा. नाव असो की वर्णन, तो शब्द असलेल्या सगळ्या ओळी वेगळ्या खिडकीत येतात. यादीतला स्थितीचा रकानाही वाचायचा : 'बिल्ट-इन' म्हणजे घरचं, 'एक्स्टर्नल' म्हणजे वितरणाने बसवलेलं, 'इनकम्पॅट' म्हणजे या आवृत्तीवर चालणार नाही.

उमेदवार सापडला की एंटर दाबून त्याचं पान वाचायचं, आणि बसवण्याआधी वहीत चार उत्तरं लिहायची. किमान इमॅक्स कुठलं लागतं? आणखी किती पॅकेजं ओढून आणतं? बाहेरचा प्रोग्रॅम किंवा कंपायलर लागतो का? मूळ संकेत जिथे ठेवला आहे तिथे शेवटचा बदल केव्हाचा आणि तक्रारींना कुणी उत्तर देतं का? शेवटच्या प्रश्नावर घाईने निकाल देऊ नये. तीन वर्षं न बदललेलं छोटं पॅकेज मेलेलंच असतं असं नाही, काही पॅकेजं पूर्ण झालेली असतात. तक्रारी साचल्या आहेत आणि उत्तर कुणीच देत नाही, तेव्हा मात्र सोडून द्यावं.

पाचवी गोष्ट वहीत नव्हती, ती सचिवांनी विचारली : "ह्या पॅकेजाक आमच्या फाइली दिसतत काय?" दिसतात. इमॅक्सचं पॅकेज कुठल्याही कोंडवाड्यात चालत नाही. वापरणाऱ्याला जे जे करता येतं ते सगळं त्याला करता येतं : फाइली वाचणं, पुसणं, नेटवर पाठवणं. म्हणून अनोळखी लेखकाचं पॅकेज असेल तर निदान त्याची मुख्य फाइल उघडून चाळायची, असं ठरलं. शे-दोनशे ओळींच्या फाइलीला अर्धा तास लागतो. हजारो ओळींच्या पॅकेजला तो उपाय नाही, तिथे भांडार आणि लेखकाचा लौकिक यांवरच विसंबावं लागतं.

चार गरजा, चार निर्णय

सीएसव्हीसाठी जीएनयू एल्पावरचं सीएसव्ही-मोड घेतलं. त्यात 'सीएसव्ही-अलाइन-मोड' लावला की रकाने डोळ्यांना सरळ दिसतात, फाइलीत मात्र एकही जागा वाढत नाही. हे महत्त्वाचं, कारण तीच फाइल पुढे हिशेबनीसाच्या स्प्रेडशीटमध्ये जाते आणि तिथे शब्दामागच्या मोकळ्या जागा घुसल्या तर 'इसवण' आणि 'इसवण ' हे दोन वेगळे मासे मोजले जातात.

अहवालातले तक्ते हा खरा मराठी प्रश्न होता. ऑर्ग तक्ता सरळ करतं ते अक्षरांच्या ठरलेल्या रुंदीवर. देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षरं यांची पडद्यावरची रुंदी त्या हिशेबात बसत नाही. 'मोरी' आणि 'बांगडा' एकाखाली एक आले की उभी रेघ नागमोडी होते. सगळ्या अक्षरांना सारखी रुंदी देणारा फॉन्ट शोधण्यात आधी चार दिवस गेले होते, तो मार्ग देवनागरीसाठी फारसा पुढे जात नाही. जीएनयू एल्पावरचं 'व्हीअलाइन' पिक्सेल मोजून रेघा सरळ करतं. त्याच्या दोन मर्यादा आहेत. ते खिडकीतल्या इमॅक्समध्येच चालतं, टर्मिनलमध्ये नाही. आणि ठरावीक आकाराहून मोठा तक्ता ते सोडून देतं. मर्यादा मुळात चार हजार अक्षरांची आहे, ती सेटिंगमध्ये वाढवता येते, पण मग मोठ्या तक्त्यात टाइप करताना पडदा जड होतो. संस्थेने मर्यादा न वाढवता वार्षिक तक्ता महिनावार तोडला. वाचणाऱ्यांनाही तेच बरं वाटलं.

जेटीवरच्या २६.१ वर मात्र अक्षरांची मांडणीच वेगळी दिसते. इमॅक्स २७ पासून अक्षरजोडणीसाठी हार्फबझ वापरलं जातं, त्याआधी वेगळी यंत्रणा होती. त्यामुळे अहवाल त्या लॅपटॉपवर उघडायचाच नाही, तिथे फक्त नोंद करायची, असं ठरलं.

शुद्धलेखनासाठी जिंक्स या पॅकेजवर सगळ्यांचा डोळा होता. ते वेगवान आहे आणि एकाच मजकुरात दोन भाषा तपासतं. पण ते एनचँट या बाहेरच्या शुद्धलेखन-साधनावर चालतं, त्याचा एक भाग सी भाषेत कंपाइल करावा लागतो आणि आताची आवृत्ती २७.१ वर बसत नाही. घरात फ्लायस्पेल ही शुद्धलेखनाची मूळची सोय आहेच. डेबियन-उबुंटूवर एस्पेल हा शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम आणि 'एस्पेल-एमआर' हा मराठी शब्दकोश बसवला, फ्लायस्पेलला एस्पेल वापरायला सांगितलं, शब्दकोश 'एमआर' निवडला. काम झालं. राहिली माशांची नावं. मराठी शब्दकोशाला सरंगा, इसवण, पेडवे, तारली माहीत नसणारच. ती वैयक्तिक शब्दयादीत घातली. या यादीच्या पहिल्या ओळीत भाषेची खूण आणि शेवटी यूटीएफ-८ हे एन्कोडिंग स्पष्ट लिहून ठेवलं. हीच यादी तिन्ही यंत्रांवर नक्कल केली. त्या निमित्ताने सुरमई आणि इसवण एकच की दोन यावर एक दुपार गेली, आणि नोंदीत इसवण, अहवालात सुरमई असा निवाडा झाला.

चौथी गरज, शब्द पूर्ण करणं. मुलीने यासाठी तीन पॅकेजं बसवून पाहिली होती. प्रत्येक अक्षरागणिक खाली यादी उघडायची आणि काकांचा हात थबकायचा. शेवटी मेटा आणि तिरकी रेघ ही मूळची सोय पुरली. 'पाप' टाइप करून कळ दाबली की त्याच फाइलीतला मागचा 'पापलेट' शब्द येतो. होड्यांची नावं फाइलीत रोजच येतात, त्यामुळे वेगळी यादी करावी लागत नाही. पॅकेजं शोधणाऱ्याने ही कळ आधी शिकावी आणि मगच पुढे जावं, असं आमचं ठाम मत आहे.

भांडारांची उतरंड आणि तीन यंत्रं

मार्मलेडची ओळ काढली. सगळे पत्ते एचटीटीपीएसने सुरू होतात हे तपासलं. मग 'पॅकेज-आर्काइव्ह-प्रायॉरिटीज' या सेटिंगमध्ये भांडारांना अंक दिले, मोठा अंक तो आधी : जीएनयू एल्पा ३०, नॉन-जीएनयू एल्पा २०, मेल्पा स्टेबल (मेल्पाचंच, पण लेखकाने क्रमांक दिलेल्या स्थिर आवृत्त्यांचं भांडार) १०, मेल्पा ०. ही सोय इमॅक्स २५.१ पासून आहे. आता तारखेचा आकडा कितीही मोठा असो, वरच्या भांडारात पॅकेज असेल तर तेच घेतलं जातं. एखादं पॅकेज मेल्पावरूनच हवं असेल तर तेवढंच 'पॅकेज-पिन्ड-पॅकेजेस'मध्ये नावानिशी बांधायचं. संस्थेला तशी एकाचीही गरज पडली नाही, तेव्हा महिन्याभराने मेल्पाची ओळही काढली.

जेटीवरच्या २६.१ ला वेगळाच आजार निघाला : यादी ताजी करताना स्वाक्षरी पडताळता येत नाही असा संदेश. कारण सप्टेंबर २०१९ मध्ये जीएनयू एल्पाची स्वाक्षरी पडताळण्याची जुनी किल्ली कालबाह्य झाली, आणि नवी किल्ली इमॅक्स २६.३ पासून सोबत येते. उपाय : 'पॅकेज-चेक-सिग्नेचर' तेवढ्यापुरतं बंद करायचं, यादी ताजी करायची, 'जीएनयू-एल्पा-कीरिंग-अपडेट' हे पॅकेज बसवायचं, आणि तपासणी लगेच पुन्हा चालू करायची. शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. इथे ती वहीत लाल शाईने लिहिली आहे.

एका यंत्रावरचं पॅकेजांचं फोल्डर पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्यावर नेणं हा नेट नसतानाचा सोपा मार्ग वाटतो. पण त्यात कंपाइल केलेल्या फाइली असतात. २९.३ वर कंपाइल झालेली फाइल २६.१ वर चालेल याची खात्री नाही, आणि चूक येते ती भलत्याच जागी. म्हणून 'पॅकेज-यूझर-डिर'मध्ये फोल्डरच्या नावाला इमॅक्सचा मुख्य क्रमांक जोडला : एल्पा-२६, एल्पा-२७, एल्पा-२९. पेनड्राइव्हवर तिन्हींच्या वेगळ्या प्रती. दुसऱ्या आवृत्तीची प्रत वापरायचीच वेळ आली तर आधी 'ईएलसी' शेपटाच्या, म्हणजे कंपाइल केलेल्या, फाइली पुसायच्या आणि त्या यंत्रावर नव्याने कंपाइल करायचं.

अद्ययावत करण्याचा नियमही ठरला. आधी मुलीच्या लॅपटॉपवर, आठवड्याने कार्यालयात. त्याआधी फोल्डरची तारखेच्या नावाने प्रत. लेखापरीक्षण, वार्षिक सभा किंवा बंदी उठण्याच्या आधीचा आठवडा असेल तर मोठ्या 'यू'ला हात लावायचा नाही.

परिणाम

कार्यालयाच्या संगणकावर आता भांडारातून घेतलेली दोनच पॅकेजं आहेत, सीएसव्ही-मोड आणि व्हीअलाइन. जेटीवर सीएसव्ही-मोड आणि किल्लीचं पॅकेज. बाकी सगळं घरचं. ज्या पॅकेजमुळे नवं ऑर्ग आलं होतं ते काढलं, ऑर्ग ९.३ परत आलं आणि अहवालाला तेवढं पुरतं. बंदी उठून नोंदी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा काकांना नवं शिकावं लागलं ते दोन कळांपुरतं.

पूर्ण सुटलं असं नाही. मुलीच्या लॅपटॉपवर २९ सोबत आलेलं ऑर्ग ९.६ आहे. तिथे तयार केलेला अहवाल कार्यालयात उघडताना क्वचित एखादी नवी खूण ९.३ ला कळत नाही. तूर्त अंतिम पीडीएफ एकाच यंत्रावर, कार्यालयातल्या, काढला जातो.

वेगळं काय करता आलं असतं

रविवारचा निर्णय पहिला. चूक दिसताच फोल्डर पुसण्याऐवजी इमॅक्स मोठ्या 'क्यू'च्या खुणेने (आज्ञेपुढे उणे चिन्ह आणि मोठा 'क्यू') सुरू केला असता तर ना सेटिंग चढली असती, ना पॅकेजं. घरचं ऑर्ग ९.३ तसंच्या तसं होतं, अहवाल उघडला असता आणि छापताही आला असता. कायमची दुरुस्तीही नेटशिवाय होण्यासारखी होती : पॅकेजांच्या फोल्डरमधलं नव्या ऑर्गचं एकच उपफोल्डर आणि त्याला मागणारं पॅकेज बाजूला हलवायचं, इमॅक्स बंद करून पुन्हा सुरू करायचा. दोन मिनिटांचं काम. नवं ऑर्ग खरंच हवं असतं तर मोठ्या 'क्यू'ने, ऑर्गची कुठलीही फाइल न उघडता, ते आधी बसवायचं आणि मग नेहमीचं सत्र सुरू करायचं.

दुसरं, ताटकळणाऱ्या यादीचा दोष नेटवर ढकलला गेला. पडद्याच्या तळाशी येणारे संदेश इमॅक्स 'मेसेजेस' नावाच्या बफरमध्ये जपून ठेवतो. तो उघडला असता तर मार्मलेडचं नाव पहिल्याच दिवशी दिसलं असतं आणि जुन्या सेटिंग फाइलीवरचा विश्वास तेव्हाच कमी झाला असता.

तिसऱ्या मुद्द्यावर संस्थेत अजून एकमत नाही. सचिवांचं म्हणणं, जेटीवरचा लॅपटॉप डेबियन १० वर ठेवणंच चूक. त्या आवृत्तीचा दीर्घ मुदतीचा आधारही जून २०२४ मध्ये संपला. तिन्ही यंत्रं एका आवृत्तीवर आणली असती तर निम्मे निर्णय घ्यावेच लागले नसते. मुलीचं म्हणणं, खाऱ्या हवेत दोन वर्षांत कळफलक गंजतो तिथे नवं यंत्र ठेवायचं कशाला, जुन्यावरच नवं डेबियन चढवू. काकांना दोन्ही चालेल. पुढच्या बंदीत, पहिल्या आठवड्यात, पेनड्राइव्हवर तिन्ही फोल्डरांच्या प्रती घेऊन झाल्यावर तो लॅपटॉप कार्यालयात आणायचा, इतकं वहीत लिहिलेलं आहे.